कोमट पाण्याचा तपास

कोणतीही वस्तू ते उलट्या हाताने तपासत. बोटांची मागची बाजू हलकेच टेकवायची, क्षणभर थांबायचे आणि मग वस्तूकडे न बघता समोरच्या माणसाकडे बघायचे. चहाचा कप असो, फ्रीजमधली बाटली असो की शेजाऱ्याची मोटरसायकल. एकदा जिन्यात भेट झाली तेव्हा मी सहज "आत्ताच आलो" म्हणालो. ते खाली पार्किंगमध्ये गेले, माझ्या गाडीच्या इंजिनाला हात लावून परत वर आले आणि म्हणाले, "पेपरवाले, इंजिन तर गार हाय. आत्ता म्हंजे कधी?"

गाडी लावून मी कोपऱ्यावरच्या दुकानापाशी बराच वेळ बोलत उभा होतो. तसे सांगितले. त्यांनी मान हलवली, पण पटल्याची ती मान नव्हती.

तुमच्याही इमारतीत असा एखादा माणूस असेल. आमची इमारत संगमनेरमध्ये, नाशिक-पुणे रस्त्यापासून थोडी आत. खाली पार्किंग, वर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर दोन घरे. दुसऱ्या मजल्यावर मी, एका दैनिकाचा बातमीदार, आणि समोरच्या दारात ते. इमारतीत सगळे त्यांना डिग्रीकाका म्हणत. नवीन आलेला माणूस हे नाव ऐकून त्यांना कोणत्या विषयात डिग्री आहे असे विचारायचा, आणि मग कोणीतरी त्याला सगळे सांगायचा.

निवृत्त होईपर्यंत ते जवळच्याच एका गावात दूध संकलन केंद्रावर दूध तपासायला होते. सकाळ-संध्याकाळ शेतकरी किटल्या घेऊन रांगेत उभे राहत. दुधात काचेची नळी सोडायची आणि ती किती वर तरंगते ते बघायचे. पाणी घातले असेल तर नळी खाली जाते. नळीवरच्या त्या आकड्याला गावात डिग्री म्हणतात. पण नळी सोडण्याआधीच ते अंगठ्याच्या नखावर दुधाचा एक थेंब घेत, नख तिरपे करत, थेंब कसा ओघळतो ते बघत आणि म्हणत, "पानी घातलेलं हाय." नळी नंतर, रांगेतल्या लोकांची खात्री पटावी म्हणून.

हे वाक्य त्यांनी निवृत्तीनंतरही सोडले नाही. लाइट बिल जास्त आले, निवडणुकीचा निकाल अनपेक्षित लागला, कोणाच्या मुलाचे लग्न घाईत ठरले, तरी त्यांचे निदान एकच. पानी कुठंतरी घातलेलं हाय.

केंद्रावरची त्यांची एक गोष्ट मी दोन जणांकडून ऐकली आणि दोन्हींत फरक आहे. त्यांच्या सासऱ्यांची किटली त्यांनी भर रांगेत परत पाठवली होती. त्यांनी सांगितलेली गोष्ट एवढीच: "दूध हलकं हुतं. परत केलं." काकूंनी सांगितलेली लांब होती.

"वडील रांगेत उभे होते," काकू म्हणाल्या. "सगळ्या गावासमोर ह्यांनी नळी सोडली. वडील किटली उचलून तसेच चालत गेले, घोटभर चहासुद्धा न घेता. आणि हे घरी येऊन मला विचारतात, भाजी काय केलीय?"

"दूध खरंच पातळ होतं का?" मी विचारले.

"होतं ना. माझ्या भावानं विहिरीवर किटली विसळली, पाणी तळाला तसंच राहिलं. मुद्दाम नव्हतं घातलेलं."

"असं भाऊ म्हणतो," आतल्या खोलीतून काका म्हणाले.

काकूंनी माझ्याकडे बघून हात जोडले. त्यांची एक सवय होती. काकांनी कुठे गेली होतीस, इतका वेळ का लागला असे विचारले की त्या आपला हात पुढे करून म्हणत, "लावा डिग्री." काका खरेच उलटा हात त्यांच्या मनगटाला लावत. मग मला उठायची वेळ झाली असे वाटे.

एक गोष्ट मात्र दोघांच्या सांगण्यात सारखी होती. काकांच्या स्वतःच्या घरची गाय होती आणि तिच्या दुधाची किटलीही रोज रांगेतच असे. मधे घुसवली जात नसे आणि तपासल्याशिवाय ओतली जात नसे.

काकू आजारी पडल्या तेव्हा मुलगी बेलापूरहून येऊन-जाऊन असायची. तिला तिचे घर, शेत, मुले. ती म्हणाली, एखादी बाई ठेवू. बाई आली. काकांनी पहिल्याच दिवशी, ती नक्की कधी आली ते कळावे म्हणून, तिच्या चपलांना हात लावून बघितला आणि दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. मग काकूंना आंघोळ घालण्यापासून सगळे काका स्वतः करू लागले. औषधोपचारांनी काकूंची कातडी इतकी नाजूक झाली होती की जरा गरम पाणी लागले तर भाजल्यासारखे व्हायचे आणि जरा गार लागले तर हुडहुडी भरायची. उन्हाळा संपता संपता त्या गेल्या.

त्यानंतर बेडरूमला लागून असलेले बाथरूम काकांनी बंद केले. बाहेरून कडी. ते स्वतः दुसरे बाथरूम वापरत. धुणीभांडीवालीला त्या दाराकडे जायची मनाई होती. ही बातमी तिच्याकडूनच इमारतभर झाली, आणि जो माणूस सगळ्यांवर संशय घेई त्याच्यावर संशय घ्यायची संधी इमारतीने सोडली नाही. पहिल्या मजल्यावरचे सर सोसायटीचे अध्यक्ष होते, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांच्या पत्नीचे म्हणणे, आत गॅसच्या जादा टाक्या असाव्यात. आणखी कोणी म्हणे, मोटरपंपाचे जुने सामान. मी यातले काहीच छापण्याजोगे मानले नाही. ऐकून मात्र घेतले.

दिवाळीनंतर थंडी सुरू झाली आणि गरम पाणी येईना.

आमच्या गच्चीवर सगळ्या इमारतीचा मिळून एक सोलर आहे. काचेच्या नळ्या, वर मोठी टाकी, टाकीतून प्रत्येक घराकडे उतरणारी वेगळी लाइन आणि प्रत्येक लाइनीच्या सुरुवातीला एक कॉक. टाकीतले पाणी हाताला चटका बसेल असे, आणि तेच पाणी घरातल्या नळाला कोमट. आंघोळ करताना अंगावर काटा येईल इतपत कोमट. आणि हे सगळ्या घरांत, काकांच्यासुद्धा.

सोलरचा मेकॅनिक आला. त्याने आधी नळ्यांवरची धूळ काढली. फरक पडला नाही. मग म्हणाला बोअरचे पाणी आहे, क्षार धरलेत. टाकी आतून साफ केली. दोन दिवस सगळे एकमेकांना "आता बरं आहे" म्हणत राहिले आणि तिसऱ्या दिवशी कोणी म्हणेना. पुन्हा आला तेव्हा म्हणाला लाइनीत हवा अडकली असेल. हवा काढली. काका प्रत्येक वेळी त्याच्या पाठीमागे उभे होते, हाताची घडी घालून.

"ह्याला कळलेलं न्हाई," ते त्याच्यासमोरच मला म्हणाले. "टाकीत गरम, नळाला कोमट. मधी काय? मधी पानी घातलेलं हाय."

"काका, हे दूध नाही," मेकॅनिक म्हणाला.

"दूध न्हाई म्हनूनच सांगतो. गार मिसळल्याबिगर गरम पानी कोमट हुतं का? टाकीत न्हाई हुत, तर खाली कोनाच्या तरी घरात हुतंय. एकाच्या घरात मिसळतंय आन् सगळ्यांच्या नळाला येतंय."

निदान बरोबर होते. घर कोणाचे, एवढाच प्रश्न राहिला, आणि त्याचे उत्तर त्यांच्यापाशी तयार होते.

तिसऱ्या मजल्यावर दिवाळीच्या सुमारास एक भाडेकरू आली होती. एसटीत कंडक्टर. मूळची श्रीगोंद्याकडची, बदलीने आलेली. घरात ती आणि तिची म्हातारी आई, तिसरे कोणी नाही. पहिल्या गाडीची ड्युटी असली की ती उजाडायच्या आधी आंघोळ करून डेपोत हजर व्हायची. आल्या आल्या पहिल्या आठवड्यात तिने नळवाला बोलावून बाथरूममधला एक नळ बदलून घेतला होता.

"दिवाळीपर्यंत पानी ठीक हुतं," काका म्हणत. "दिवाळीला ही आली. नळवाला आला. त्यानं गार-गरम लाइन जोडून ठेवली. आता सांगा."

एकामागून एक घडले म्हणजे एकामुळे दुसरे घडले असे होत नाही, हे मी त्यांना सांगितले.

"ते तुमचं पेपरात चालतं," ते म्हणाले.

एके दुपारी ते तिच्या दारावर गेले. आत आई एकटी होती. दाराची साखळी न काढता म्हातारी म्हणाली, "लेक ड्युटीवर हाय. ती आल्यावर या."

"नळ बघायचाय फकस्त."

"नळ कुठं पळून चाललाय? सांच्याला या."

दार न उघडणे हा काकांच्या लेखी पुरावा झाला. तो त्यांनी प्रत्येक मजल्यावर सांगितला, आणि लोकांनी त्यात आपापली भर घातली. ती घोंगड्या गरम पाण्याने धुते. तिच्याकडे पाहुणे येतात. बाईमाणूस एवढ्या पहाटे बाहेर पडते ते नक्की ड्युटीवरच का. यातले एकही वाक्य काकांचे नव्हते, हेही नोंदवले पाहिजे. त्यांचा संशय नळापुरता होता. पण सुरुवात त्यांनी केली होती.

सरांनी घरमालकाला पुण्याला फोन केला. मालक म्हणाला, मला भानगड नको, महिनाअखेर घर रिकामे करायला सांगतो. ही गोष्ट त्या बाईच्या दृष्टीने साधी नव्हती. वेळी-अवेळी जाणाऱ्या एकट्या बाईला घर द्यायला गावात बरेच जण नाही म्हणाले होते. हे घर डेपोपासून पायी जाण्याइतके जवळ होते आणि पहाटे त्या वेळेला रिक्षा मिळत नाही. आईचे गुडघे धरलेले. तिला एकटीला सोडून लांबच्या वस्तीवर राहणे शक्य नव्हते. घर गेले असते तर एक तर नोकरी, नाही तर आई.

रविवारी दुपारी गच्चीवर सोसायटीची बैठक झाली. सोलरच्या सावलीत प्लास्टिकच्या खुर्च्या. ती ड्युटीवरून तशीच आली होती, खाकी कपड्यांत, चामडी बॅग खांद्याला. खुर्ची दिली तरी बसली नाही.

सर घसा साफ करून म्हणाले, "ताई, वैयक्तिक काही नाही. पण आपण आल्यापासून हा त्रास सुरू झालाय, असं सभासदांचं मत आहे."

"सभासदांचं का काकांचं?"

"माझं," काका म्हणाले. "पानी घातलेलं हाय आन् ते तुझ्या घरात घातलेलं हाय. नळवाला कशाला आनला हुतास?"

"नळ गळत होता म्हणून. नळवाल्याला नळासाठीच बोलावतात, काका." दोघे-तिघे हसले. ती हसली नाही. "या ना, बघा माझा नळ. आई एकटी असताना येऊ नका, मी असताना या. पण मला एक सांगा. आमच्या गाडीत तपासणीवाले चढले की मी आधी माझी बॅग पुढं करते. मग पॅसेंजरची तिकिटं. माझी बॅग न बघता एका पॅसेंजरचंच तिकीट तपासलं तर त्याला तपासणी म्हणतात का?"

तिने बॅग खांद्यावरून उतरवून रिकाम्या खुर्चीवर ठेवली.

"तुम्ही केंद्रावर एकाचीच किटली तपासायचा?" ती म्हणाली. "का सगळ्यांची?"

काकांनी तिच्याकडे बघितले. इतक्या दिवसांत कोणीतरी त्यांच्याशी त्यांच्या कामाच्या भाषेत बोलले होते.

"सगळ्यांची," ते म्हणाले.

"मग लावा की रांग."

ते उठले. तपासणी कशी करायची हे त्यांनी उभ्या उभ्या ठरवले. सरांनी गच्चीवर कॉकपाशी थांबायचे आणि एका वेळी एका घराचा कॉक बंद करायचा. ज्या घरात गार पाणी शिरते आहे त्याचा कॉक बंद झाला की बाकीच्या घरांना पाणी कडक यायला हवे. सुरुवात कंडक्टर बाईच्या घरापासून. तिचा कॉक बंद केला, काका सरांच्या घरी खाली गेले आणि नळाखाली उलटा हात धरून उभे राहिले. मी शेजारी होतो. पाणी वाहत राहिले. कोमटच.

"लाइनीतलं जुनं पानी असंल," ते म्हणाले आणि आणखी थांबले. सरांच्या पत्नीने शेवटी बादली सरकवली, पाणी वाया जाऊ नये म्हणून. बादली भरली. कोमटच.

काकांनी नळ बंद केला. हात पुसला नाही. "तिचं न्हाई," ते म्हणाले, कोणाला उद्देशून ते कळले नाही.

मग तिचा कॉक पुन्हा उघडला आणि पुढची तपासणी तिच्याच बाथरूममध्ये झाली, कारण ते घर आता सुटले होते. इतके दिवस जे बाथरूम त्यांना बघायचे होते त्यात ते उभे होते. नवा नळ साधा होता. त्यांनी तो खालून वरून बघून घेतलाच. दाराशी म्हातारी स्टुलावर बसली होती. माझ्या हातातल्या फोनवर गच्चीवरचे सर.

"माझा बंद केला," सर म्हणाले.

नळ सोडला. वाट बघितली. कोमट.

सरांच्या समोरचे घर. कोमट. माझे घर. कोमट. कंडक्टर बाईच्या समोरचे घर. कोमट. म्हातारी म्हणाली, "सगळीच साव दिसतात."

फोनवर सरांचा आवाज आला, "झाली बरं का काका सगळ्यांची. तुमची काही बघायला नको. मेकॅनिकलाच परत बोलावू."

काका नळाकडे बघत होते. "माझी पन लावा," ते म्हणाले.

"अहो, तुमच्या घरात एकटे तुम्ही—"

"सर, माझी लावा."

कॉक बंद झाल्याचे सरांनी सांगितले. पाणी आधी होते तसेच वाहत राहिले. काकांचा हात नळाखाली होता, बोटे खाली वाकवलेली. थोड्या वेळाने बाथरूमच्या छोट्या खिडकीतून येणाऱ्या उन्हात पाण्यावर वाफ दिसली. मला दिसली तशी म्हातारीलाही दिसली. काकांनी हात काढला नाही. पाणी कडक झाले, बोटांची मागची बाजू लाल झाली, तरी काढला नाही. शेवटी कंडक्टर बाईनेच पुढे होऊन नळ बंद केला.

"काका, भाजेल."

"कोनाचा बंद केला म्हनले सर?" त्यांनी विचारले. त्यांना माहीत होते. तरी मी सांगितले.

जिना उतरताना ते तिला म्हणाले, "चल. तूच बघ. मी एकट्यानं बघितलं तर लोक म्हनतील, लपवलं." मला त्यांनी या म्हटले नाही, येऊ नका असेही म्हटले नाही.

त्यांचे वापरातले बाथरूम आधी बघितले. त्यात काही नव्हते. मग बेडरूममधल्या त्या दारापाशी ते थांबले. कडी काढायला वेळ लागला, गंजली होती.

आत गॅसच्या टाक्या नव्हत्या. एक पांढरी प्लास्टिकची खुर्ची होती, भिंतीकडे पाठ करून. खुर्चीवर घडी घातलेला टॉवेल. साबणाच्या वडीला वाळून भेगा पडलेल्या. भिंतीवर हँड शॉवर, ज्याच्या मुठीवरचा खटका दाबला तरच पाणी येते असा. त्याच्या खाली दोन कॉक, एक गरम, एक गार. दोन्ही उघडे होते. पूर्ण उघडे नव्हते, एक थोडा कमी, एक थोडा जास्त. आणि प्रत्येक कॉकच्या दांड्यापाशी भिंतीच्या फरशीवर एकेक लाल टिकली चिकटवलेली.

फॉल्ट समोर होता. दोन्ही कॉक उघडे आणि पुढचे तोंड खटक्याने बंद. इमारतीत कोणीही गरम नळ सोडला की इथून गार पाणी मागच्या मागे गरम लाइनीत शिरत होते आणि सगळ्या घरांत जात होते. उन्हाळ्यापासून शिरत असणार. थंडी पडेपर्यंत कोणाला कळण्याचे कारण नव्हते.

"रोज जुळवायला लई वेळ लागायचा," काका म्हणाले. "तोवर ती गारठायची. मग एक दिवस बरोब्बर जुळलं. तिनं कपाळाची टिकली काढली आन् दांडा जिथं हुता तिथं लावली. दुसरी मला डबीतनं आनायला लावली. म्हनली, आता हलवू नका. म्हनून मी हलवलंच न्हाई. आंघोळ झाली की खटका सोडायचा. कॉक तसेच."

कंडक्टर बाई कॉककडे गेली, हात पुढे केला आणि मागे घेतला.

"तुम्हीच करा, काका."

त्यांनी हँड शॉवर खाली घेतला आणि खटका दाबला. आधी गंजाचे पिवळट पाणी आले, मग नितळ. सरांनी गच्चीवरचा कॉक पुन्हा उघडला होता की काय, मी विचारले नाही. पण थोड्याच वेळात पाणी ऊन झाले असावे, कारण त्यांनी उलटा हात त्याखाली धरला आणि मान हलवली. मग तिला म्हणाले, "बघ."

तिने पाण्याखाली हात धरला. तळहात.

"हे तिचं पानी," ते म्हणाले.

पाणी खुर्चीच्या पायांवरून मोरीकडे जात राहिले. खटका सोडला की ते थांबले असते, पण गार पाणी गरम लाइनीत शिरायचे थांबवायचे तर कॉक फिरवावे लागणार होते. ते त्यांना समजत होते आणि ते फिरवत नव्हते.

"टिकल्या आहेत ना," ती म्हणाली. "परत उघडला तरी दांडा तिथंच येतो. टिकल्या कोण हलवतंय?"

त्यांनी आधी गरम बंद केला, मग गार. दोन्ही दांडे टिकल्यांपासून लांब गेले.

संध्याकाळी त्यांनी प्रत्येक घराची बेल वाजवली. आत बोलावले तरी गेले नाहीत. उंबऱ्याबाहेरून एकच वाक्य: "पानी माझ्या घरात घातलेलं हुतं. तिचं न्हाई." सरांना जास्तीचे एक वाक्य: "पुन्याला फोन लावा, माझ्यासमोर." सरांनी लावला. काका फोन ठेवेपर्यंत उभे राहिले आणि ठेवल्यावर विचारले, "काय म्हनला?" राहू दे म्हणाला, असे सरांनी सांगितले. "तसंच म्हनला का तुमी सांगताय?" सरांनी पुन्हा फोन लावून स्पीकरवर टाकला.

कंडक्टर बाईची त्यांनी माफी मागितल्याचे मी ऐकले नाही. तिला विचारले तर म्हणाली, "माफी कसली. पुढच्या आठवड्यात माझ्या गाडीत येऊन बसले." जवळच्याच अकोल्याची फेरी होती. शेवटच्या सीटवर बसून ते गेले, उतरले नाहीत, त्याच गाडीने परत आले. दोन्ही वेळा तिकीट काढले. मी जिन्यात विचारले, अकोल्याला काय काम होते?

"काम न्हाई. बघून आलो. सगळ्यांना तिकीट देती ती. एकाला बी सोडत न्हाई." जरा थांबून म्हणाले, "मला बी न्हाई."

त्यांचा संशय कमी झाला असे कोणी समजू नये. मेकॅनिकने नंतर गच्चीवर एक झडप बसवली, पाणी उलटे येऊ नये म्हणून, तर तिच्याही खाली ते रोज हात लावून बघत. माझ्या मोटरसायकलची तपासणी चालूच राहिली. बेडरूमच्या त्या बाथरूमची कडी मात्र त्यांनी पुन्हा लावली नाही, असे धुणीभांडीवालीने सांगितले. तिला आत जाऊ देत. फरशीच्या टिकल्यांपाशी ब्रश नेऊ देत नसत.

पुढच्या पावसाळ्यात त्यांना धाप लागू लागली आणि मुलीने बेलापूरला नेले. जाताना टेम्पोच्या बॉनेटला हात लावून त्यांनी ड्रायव्हरला विचारले, "किती लांबून आलास?" ड्रायव्हर म्हणाला, इथूनच. काकांनी माझ्याकडे बघितले. दोनच महिन्यांनी काका गेल्याचा मुलीचा फोन आला. घर आता बंद असते. मुलगी विकणार म्हणते.

थंडी पुन्हा पडली तेव्हा कंडक्टर बाईच्या आईने मला बल्ब बदलायला वर बोलावले. लेक ड्युटीवर होती. साखळी काढून म्हातारीने दार उघडले. बाथरूममधला बल्ब होता. स्टुलावर चढलो, बल्ब बसवला, दिवा लागला आणि समोरची फरशी उजेडात आली.

साध्या नळाच्या जागी तिथे आता दोन कॉक होते. प्रत्येक कॉकच्या दांड्यापाशी एकेक लाल टिकली.

"काकांनी बसवून दिलं, जायच्या आधी," म्हातारी म्हणाली. "नळवाल्याच्या डोक्यावर उभं राहून. माझ्या गुडघ्याला सोसंल असं पानी जुळवलं. आर्धा दिस लावला. मी म्हनलं बास की आता, तर म्हनले, न्हाई, अजून पाव रेघ." ती दाराला टेकून उभी होती. "पन बजावून गेलेत, मावशी, आंघोळ झाली की दोन्ही बंद. ध्यानात ठेवा. बंद म्हंजे बंद."

दोन्ही बंद होते. मी स्टुलावरून उतरलो. म्हातारीने पुढे होऊन गरमचा दांडा चाचपला, मग गारचा, आणि दोन्ही आणखी जरा आवळले.